सानिकाच्या फाइलमधला आवाज

हे मी आजवर घरातही बोलले नाही. बोलायचं म्हटलं की 'स' येतो — आणि 'स' म्हणताना माझी जीभ दातांबाहेर डोकावते. सायकलची 'थायकल' होते. आणि मी आहे स्पीच थेरपिस्ट! हसा, हसून घ्या. डिग्री कशी मिळाली? लेखी पेपरात जीभ दिसत नाही, आणि तोंडी परीक्षेत 'स' टाळून बोलले. ती कला भिलाईत माझ्याइतकी कुणालाच येत नसेल.

आठ वर्षांपूर्वी आमच्या क्लिनिकमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं. पडद्यावर चित्र येतं, मूल हिंदीत नाव सांगतं, कंप्युटर उच्चार तपासतो — बरोबर असला तर हिरवा, चुकला तर लाल. सेक्टर 10 मधली सहा वर्षांची सानिका तपासणीला आली. फार भराभर बोलते, एवढीच शाळेची तक्रार. सगळं हिरवं निघालं. आई तिला पाणी पाजायला बाहेर घेऊन गेली, आणि मला — काय अवदसा आठवली! — आपणही करून पाहावंसं वाटलं. सेब, साइकिल, सूरज. लाल, लाल, लाल. फाइल सानिकाचीच उघडी होती. हे ध्यानात येईपर्यंत प्रिंटरनं कागद बाहेर टाकला होता आणि परत आलेल्या आईनं तो उचललाही होता.

एवढंच म्हणायचं होतं ना — ताई, हा आवाज माझा आहे? नाही म्हटलं. मशीन कधीकधी चुकतं, असं काहीतरी पुटपुटले.

"कंप्युटर कावून खोटं बोलन, मॅडम?" आई म्हणाली. "खोटं तं मानूस बोलते."

मग तीन महिने, आठवड्यातून तीनदा, त्या धडधाकट पोरीला मी 'स' शिकवला. कोणता 'स'? माझ्याकडे होता तोच! पोरगी हुशार, तिनं तो बरोब्बर उचलला. चौथ्या महिन्यात पुन्हा तपासणी केली — या वेळी आवाज खरंच तिचा होता. लाल, लाल, लाल.

"पाहा, कंप्युटरनं पयलेच वळखलं होतं," आई डोळे पुसत म्हणाली. "पोरगी आता सोताचं नाव थानिका सांगून राहिली."

मला भयंकर लाज वाटली. तरी मी मान डोलावली, आणि रायपूरच्या एका डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

परवा सिविक सेंटरच्या बाजारात दोघी मायलेकी भेटल्या. सानिका आता नववीत आहे. पोरं हसतात म्हणून वर्गात तोंडच उघडत नाही, असं आई सांगत होती. मला पाहून मात्र ती खुलली.

"नमथ्ते, मॅडम."

मी नुसते हात जोडले.