रिकाम्या बाटलीचा वास

मी सातवीत शाळा सोडली. पण स्पेनची लाल वाइन कशाबरोबर प्यावी, हे मला कुणीही विचारावं. मेट्रो यायच्या आधीची दुबई. तिथल्या देरा भागातल्या एका हॉटेलात मी वेटर होतो. शेफने आमच्याकडून पाठच करून घेतलं होतं. ही वाइन ओकच्या लाकडी पिंपात मुरते, म्हणून तिला लाकडाचा, व्हॅनिलाचा वास. भाजलेलं मेंढीचं मांस, मेंढीच्या दुधाचं कडक चीज, यांच्याबरोबर द्यायची. तिकडच्या गरमीत थोडी गार करूनच टेबलावर न्यायची. आणि तिखटाबरोबर नाहीच नाही, मिरचीने ती कडू लागते. गिऱ्हाइकांपुढे मी हे सगळं इंग्लिशमध्ये म्हणायचो, पोपटासारखं.

रिकाम्या बाटल्या दुबईतल्या घरी बायकोसाठी आणायचो. आम्ही वसईचे ख्रिस्ती. आमच्यात उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटतात आणि गडद रंगाच्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात. उजेड लागला की मसाल्याचा रंग जातो. बायको आधी लेबलं खरवडून काढायची, शेजारी हाजी होता म्हणून. सुट्टीला जाताना बाटल्या कपड्यांत गुंडाळून वसईला न्यायची आणि भरून परत आणायची. एकदा दुबईच्या एअरपोर्टवर कस्टमवाल्याने वाइन समजून बूच काढलं, नाक लावलं आणि शिंकतच सुटला. "खलास, यल्ला," म्हणाला नि बॅग पुढे ढकलली.

धुण्याआधी बायको प्रत्येक बाटली हुंगायची.

"सुकी बोरं," म्हणायची. "आणि नव्या कपाटाचा वास येतो."

"त्याला ओक म्हणतात."

"म्हणत असतील. एकदा भरलेली आणा की. माझ्या इंद्यालबरोबर घेऊ."

इंद्याल म्हणजे आमच्याकडचं व्हिनेगर-मसाल्यातलं डुकराचं मांस. ते तिनेच करावं.

"तुझ्या इंद्यालने वाइन फुकट जाईल," मी म्हणायचो.

"जाऊ दे. आपल्याला कोण टीप देणार आहे?"

खरं कारण वेगळं होतं. घरी बाटली आणायची तर परवाना लागायचा आणि त्याच्या कागदावर साहेबाची सही. वेटरने साहेबापुढे उभं राहून वाइनसाठी सही मागायची, याची मला लाज वाटायची. बायकोला हे सांगायचीही लाज. म्हणून सगळा दोष तिच्या मिरचीवर टाकला. वर्षानुवर्षं टाकला.

ती गेली ती वसईलाच, मसाल्यासाठी गेली होती तेव्हा. हृदय बंद पडलं. मी पोचलो तेव्हा पुढच्या खोलीत पेटी होती आणि आत स्वयंपाकघरात भरलेल्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. त्यातली एक घेऊन परत आलो.

ड्यूटीवर हजर झालो त्याच दिवशी साहेबापुढे कागद ठेवला. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. फोनवर बोलत बोलत सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. झालं. एवढंच काम होतं.

वाइन आणली, हॉटेलात द्यायचो तीच. सुपरमार्केटच्या मागच्या वेगळ्या खोलीतून डुकराचं मांस आणलं. तिच्या मसाल्यात इंद्याल केलं, जमेल तसं. ग्लास भरला, हुंगला. सुकी बोरं आणि नवं कपाट. एक घास घेतला, वर एक घोट.

शेफचं खरं होतं. नाही जमत. मिरची वाइनमध्ये पेटते, वाइन कडू होते, दोघींची चव जाते.

मी बरोबर होतो म्हणून बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. उलट झालं. ती समोर असती तर तिने तोंड वाकडं केलं असतं, "शी, हे प्यायला लोक पैसे देतात?" म्हणाली असती, ग्लास माझ्याकडे ढकलला असता आणि इंद्याल आणखी वाढून घेतलं असतं. तेवढं तिला हवं होतं, आणि ते मी दिलं नाही.

इंद्याल बाजूला ठेवून नुसती वाइन पिता आली असती. तसं केलं नाही. घासावर घोट, घोटावर घास घेत राहिलो. जिभेची आग झाली तरी थांबलो नाही.