नसांवरचं वेष्टण

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीच्या काखांत हात घालून तिला केळीच्या वाडीत चालवणं. दोन वर्षांची झाली तरी तिचे पाय जोर धरत नव्हते. आचोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, मेंदूतल्या काही पेशी नसांवर वेष्टण चढवतात, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. हिचं उशिरा चढतंय, हातपाय हलते ठेवा.

बायको म्हणाली, "तुमच्या डोक्यात अजून चढलं नाही, तरी चालता ना."

त्याच रात्री बायको झोपेतच गेली.

सकाळी तिला पोचवून आलो आणि नातीचे पाय तेलाने चोळायला बसलो. ते रोज बायको करायची.

बहीण म्हणाली, "दादा, सुतकात तेल लावू नये."

"मग त्या वेष्टणाला सांग, सुतक फिटेपर्यंत थांब."

मी दुसरा पाय घेतला.