नवसाची दाढी

आमच्या घराण्यात दाढी कुणालाच शोभली नाही. मी तर दाढीत फरार आरोपी दिसतो. तरी मुलगी घरी येईपर्यंत वस्तरा लावणार नाही, असा नवस मी गावच्या देवीला बोललो. बायको हसली. "तू आणि नवस? साधी उदबत्ती कधी लावली नाहीस." खरं होतं. पण मूल व्हायची वाट पाहून झाली होती, दत्तकाच्या यादीत तीन वर्षं काढून झाली होती. माणसांच्या हातातलं सगळं संपलं, मग देवी आठवली.

संस्था विदर्भातल्या एका लहान गावात होती. दुबईहून विमान, मग दुसरं विमान, मग चार तास गाडी. मुलगी तीन वर्षांची, केस अगदी बारीक कापलेले. आम्हाला पाहताच तिनं हात जोडले. "नमस्ते काका, नमस्ते काकू." पाहुणे आले की सगळी मुलं असंच म्हणतात, असं तिथल्या ताईंनी सांगितलं. माझी रजा सहा दिवसांची. ते सहाही दिवस तिनं बायकोच्या खांद्यात तोंड खुपसून काढले, माझ्याकडे धड पाहिलंही नाही. कोर्ट, पासपोर्ट, मग इथला, दुबईचा व्हिसा, एवढं सगळं व्हायचं होतं. तोवर त्या दोघी पुण्याला राहिल्या आणि मी एकटा परतलो.

सात महिने लागले. ऑफिसात व्हिसाचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक." घरी मी तिच्यासाठी एक छोटी लाल खुर्ची आणून ठेवली होती. तिच्यावर वाळलेले कपडे टाकायचो आणि लगेच उचलायचो, जणू कुणी बसायलाच येत होतं. शनिवार-रविवारी फोन सोडला तर कुणाशी एक शब्द बोलणं व्हायचं नाही. इमारतीत शेकडो माणसं होती, पण लिफ्टमध्ये सगळे आपापल्या मोबाइलकडे पाहत उभे असायचे. मीही त्यातलाच एक.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या गेटपाशी जाऊन व्हिडिओ कॉल करायचो. दुबईच्या इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, धूळ आणि ट्रक सोडून दाखवण्यासारखं काही नाही, पण गेटवर एक पिवळी मांजर होती. पहिले काही आठवडे पडद्यावर फक्त छत दिसायचं. मग मांजरीसाठी मुलगी समोर यायला लागली. मी डब्यातली पोळी टाकायचो, वाटेल ते बडबडायचो, दाढी हलवून दाखवायचो. एक दिवस तिनं विचारलं, "बाबा, मांजर जेवली?" त्या दिवशी मी उरलेला सगळा डबा मांजरीपुढे ठेवला.

त्या दोघी यायच्या दिवशी सकाळीच मी सलूनमध्ये गेलो. सलूनवाले चाचा रत्नागिरीचे. वस्तरा फिरवून झाल्यावर आरसा धरून म्हणाले, "खलास! आता माणसात आलात, साहेब." नवीन शर्ट घातला, अत्तर लावलं आणि विमानतळावर दोन तास आधी जाऊन उभा राहिलो.

बायको ट्रॉली ढकलत बाहेर आली. "हे बघ, बाबा!" मुलीनं मला नीट निरखलं. मी नुसतेच हात पुढे केले.

"हे नाही," ती म्हणाली. "बाबाला दाढी हाय." आणि हात जोडून मला म्हणाली, "नमस्ते काका."

घरी लाल खुर्ची तिला आवडली. बायकोनं "हे बाबाचं" म्हणून दाखवलेलं मोठं ताटही तिनं लक्षात ठेवलं. पण मी खोलीत आलो की ती उठून उभी राहायची आणि हात जोडायची. इतकी शहाण्यासारखी वागायची की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दाढीतले जुने फोटो दाखवले, त्यांच्या शेजारी उभं राहूनही दाखवलं. ती फोटोला हसायची आणि माझ्यापासून दोन पावलं मागे सरकायची. खरं सांगतो, त्या दाढीवाल्याचा मला राग यायला लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. तिला बाबाचा फोन हवा होता. बायको म्हणाली, "तू आत जा आणि कॉल कर. ऑडिओच कर, व्हिडिओ नको."

मी बेडरूमचं दार लावून फोन लावला.

"बाबा!" भिंतीपलीकडून आणि कानात, दोन्हीकडून तिचा आवाज आला. "मांजर जेवली?"

"जेवली. तू जेवलीस?"

"जेवते." मग तिनं आवाज एकदम हळू केला. "बाबा, तू लवकर ये. इथं एक काका हायेत. जातच नाहीत. तुझ्या ताटात जेवतात."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. नवस फेडायच्या घाईत मी तिचा बाप भादरून टाकला होता.

"बाबा?"

"येतो मी. थोडे दिवस लागतील. तोवर काकांना जेवू दे."

"बरं," ती म्हणाली. "पण तू आलास की ताट तुझं."

मी डोळे पुसून बाहेर आलो. तिनं फोन खाली ठेवला, उठून हात जोडले आणि माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. "बसा, काका."

मी बसलो. गालावरून हात फिरवला. दाढीचे खुंट हाताला लागायला सुरुवात झाली होती.