माझ्या नावाचा टाक

लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा नाही निवला. पहिल्या नवऱ्याचा विषय निघाला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माझं माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरजवळचं. नवरा मँगनीजच्या खाणीवर मुकादम होता. लग्नाची हळद उतरली नव्हती तोच एका सकाळी डबा घेऊन कामावर गेला तो गेलाच. सासूनं कानावर हात ठेवले. मी थोडे दिवस वाट पाहिली आणि माहेरी आले. आई रडून राहिली होती, मी दात खाऊन राहिली होती.

अशीच काही वर्षं गेली. मग लोधीखेड्याच्या एका संत्रा बागायतदाराकडून माझ्यासाठी विचारणा आली. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, पोरगी लहान. तो स्वतःच घरी येऊन गेला. आईनं त्याला आधीच सांगून टाकलं की आमची पोरगी फार तापट आहे. तो चहा पिता पिता म्हणाला, चालंल, आमच्या घरी सगळेच मुके आहेत. मला तो तिथंच आवडला.

पण आमच्या जातीत बाईचा पाट लावायचा तर आधी काडीमोड लागते. पहिल्या नवऱ्यानं जातीतल्या दोन माणसांसमोर गवताची काडी मोडायची आणि तू मोकळी म्हणायचं. त्याशिवाय बाई दुसरं घर करू शकत नाही. पंच म्हणाले, त्याच्या हातानं काडी मोडून घ्या, मग या. बागायतदाराची आई म्हणाली, मृग बहाराची संत्री उतरेपर्यंत थांबतो, मग दुसरी पाहतो. म्हणजे माझं सगळं आयुष्य त्या पळपुट्याच्या दोन बोटांत अडकलेलं.

आम्ही ठाण्यावर गेलो. तेव्हा राज्यांची वाटणी नुकतीच झालेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. ठाणेदारानं हिंदीत विचारलं, तुमचा माणूस कुठं आहे? मी म्हटलं, ते माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते. तो म्हणाला, नागपूरकडे उतरला असेल तर दुसरं राज्य लागलं, आमचा हात तिथं पोचत नाही.

मामाचा हात मात्र पोचत होता. त्याचा ट्रक खाणीच्या ठेकेदाराकडे लागलेला. बंद पडलेल्या खाणीतले पंप उचलून चालू खाणींवर न्यायचे. मामा म्हणाला, फेऱ्या तर मारतोच आहे, त्यालेही हुडकून काढू. साक्षीला दुसरा माणूस म्हणून माझा भाऊ निघाला. मीही चढून बसले. आईनं कपाळावर हात मारला, पण मी खाली उतरले नाही.

परासियाला कोळसा. तिथं चहावरसुद्धा काळी साय धरायची. तो तिथं काम करून गेला होता. तिथून घुग्गुस, तिथंही कोळसाच, तिथूनही गेलेला. खाणीच्या वस्तीत माणसं रोज येतात नि जातात, कोणी कोणाचं घर विचारत नाही. बायको टाकून पळणाऱ्यांसाठी याच्याइतकी सोयीची जागा नाही! शेवटी घुग्गुसच्या एका स्वयंपाक्यानं सांगितलं की तो एका साहेबाच्या मागं कोकणात गेला, तिकडं लोखंडाची नवी खाण निघाली आहे. मामानं ठेकेदाराला गाठून तिकडचीच फेरी मागून घेतली.

कोल्हापूर गेलं, घाट उतरला आणि एका वळणावर समुद्र दिसला. आमच्यातल्या कोणीच तो आधी पाहिला नव्हता. मामानं ट्रक उभा केला आणि म्हणाला, पाय, केवढं पाणी. मी म्हटलं, पाहिलं, आता चला. वेंगुर्ल्याच्या खालच्या अंगानं गावामागून गाव विचारत चाललो. माडाच्या बागा, वाळत घातलेली मासळी, तांबडी माती. आम्ही ‘शोधून राहिलो’ म्हटलं की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला सगळ्यांचाच राग येत होता.

तो खाणीच्या तोंडाशी सापडला. डोक्यावर टोपी, हातात छडी, अंगानं सुटलेला. मला पाहून पांढराफटक पडला. लगबगीनं आम्हाला वाळूवर घेऊन गेला. तू कायले आली म्हणून विचारलं. मी म्हटलं, काडी मोड. तेव्हा त्याला जरा धीर आला.

“मोडून देतो,” तो म्हणाला. “पण इथून गुपचूप जाय. गावात एक शब्द बोललीस तर म्हणीन, मी या बाईले ओळखतही नाही. मग बस जन्मभर तशीच.”

भावानं मूठ वळली. मी त्याचा हात धरला. खोटं कशाला सांगू, मलाच त्याचं थोबाड फोडायचं होतं, सगळ्या खाणीसमोर त्याची अब्रू काढायची होती. पण काडी त्याच्या हातात होती. मी मान हलवली. त्यानं वाळूतलं गवत उपटलं, मामा आणि भावाच्या देखत मोडलं आणि म्हणाला, तू मोकळी.

ट्रकपाशी आल्यावर मी मामाला म्हटलं, आता त्याच्या घरी चला. भाऊ म्हणाला, तू तर कबूल केलंस. मी म्हटलं, ते नवऱ्यापाशी कबूल केलं होतं. आता तो माझा कोणी नाही.

घर विचारत गेलो. दारात माझ्याच वयाची एक बाई तांदूळ निवडत होती. तिनं आम्हाला गूळपाणी दिलं. वाकली तेव्हा तिच्या मंगळसूत्राशेजारी चांदीचा टाक दिसला, त्यावर बाईची आकृती. आमच्याकडे पहिली बायको मेली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालतात. तिला आधी नैवेद्य दाखवायचा, मग आपण जेवायचं, नाहीतर सवत झपाटते.

मी विचारलं तसं तिनं सगळं सांगितलं. पहिली पटकीनं गेली. टाक त्यानंच घडवून आणला, लग्नात स्वतः गळ्यात बांधला. म्हणाला, ती फार तापट होती, तिला रोज खूश ठेव. म्हणजे मेल्यानं मला जिवंतपणी मारलं, आणि वर आमचीच रीत पाळली, खोटं पक्कं दिसावं म्हणून.

“बाई,” मी म्हटलं, “ती मी.”

तिचा विश्वास बसेना. सासूचं नाव विचारलं, ते मी सांगितलं. त्याच्या पाठीवरचा भाजल्याचा डाग सांगितला. ती परत तांदळापाशी जाऊन बसली. मला वाटलं, आता मला शिव्या घालणार.

“तुमका दाखयल्याशिवाय मी कधी जेवूक नाय,” ती म्हणाली. मग उठली, हात धुतले आणि आमची पानं वाढली. माशाची आमटी, भात, सोलकढी.

दुपारच्या जेवणाला तो घरी आला. ट्रक पाहून शेजारीपाजारी अंगणात जमलेले. तिनं दारात उभं राहून त्या सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं की ही ह्यांची मेलेली बायको, सौंसरवरून आली आहे. मग त्याचं पान मांडलं. त्यावर भात नाही, काही नाही. गळ्यातला टाक काढून पानाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाली, जेवा.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला माझी गरज पडली होती.

“सांग ना हिले काही,” तो म्हणाला.

“मी काय सांगू,” मी म्हटलं, “मी तं पटकीनं मेली.”

आणि मी तिच्याकडे अजून थोडा भात मागितला.