खांद्यातला चुना

उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सदरा पत्नी घालून देई. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाला ही गोष्ट पचत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी हात न लावताच सांगितले, "वय झालं, आबा." मुलानेही तीच री ओढली. वय हे निदान होत नाही.

साताऱ्यात एक्स-रे काढला. हात बाहेर वळवून दुसरा फोटो घ्यायचा होता. मी कळवळलो म्हणून तो घेतलाच नाही. अहवालात सारे ठीक. त्या ठीक खांद्यावर मला कूस बदलता येत नव्हती.

पत्नीला घेऊन मी दुसरीकडे गेलो. "ओरडलो तरी थांबू नका," असे आधीच बजावले. हात वळवला आणि फोटोत हाडाच्या डोक्याशेजारी खडूच्या ठिपक्यासारखा पांढरा डाग उमटला. मग डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवले, "स्नायू हाडाला बांधणारी ही दोरी. तिच्यात हा चुना साठलाय. सुईने धुऊन काढता येईल."

चुना हा शब्द त्यांनी आम्हांला कळावे म्हणून वापरला. पत्नीने तो झेलला.

"आवं, मी काय सांगत हुते? जलमभर तंबाखूत चुना मळला. बसला न्हवं खांद्यात!"

"तो चुना वेगळा."

"चुना त्यो चुना. आन् मळायचा हातबी ह्योच!"

डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आले नाही. परतताना एसटीत पत्नीने ही बातमी दोघा ओळखीच्यांना दिली. संध्याकाळी पारावर एकाने विचारले, "काय रं गड्या, खांद्यात पानटपरी काढलीस म्हनं?"

घरात निकाल लागला: सुई नको, तंबाखू बंद. चुना आपोआप विरेल. मुलगा शिकलेला, तोही म्हणाला, "बघू थोडे दिवस." हात माझा होता. बघणारे हे.

मी कोणाला न सांगता एसटीत बसलो. पडद्याकडे पाहत डॉक्टरीणबाईंनी सुई नेमकी डागात घातली. नळीत दुधाळ पाणी आले. मी विचारले, "हा तंबाखूतला का?"

"नाही हो. त्याचा याच्याशी संबंध नाही. पण तंबाखू सोडा."

काही आठवड्यांनी हात डोक्यावर गेला. घरी आल्यावर मी सुईचे सांगितले होते, तरी तिचे नाव कोणी काढत नाही. तंबाखू सुटली म्हणून हात सुटला, असे पत्नी आल्यागेल्याला सांगते.

तंबाखू मी एक दिवसही सोडलेली नाही.