इंजिनाला आग लागल्याचा आनंद

माझ्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या त्या आमच्या लखनौच्या इंदिरा नगरातल्या घराच्या बैठकीत, आणि ते विमान मलिहाबादच्या अलीकडे कोसळलं. विमान मी चालवत होतो.

घाबरू नका, विमान कॉम्प्युटरमधलं होतं. मला फ्लाइट सिम्युलेटरचा नाद आहे. म्हणजे दिवसभर संशोधन संस्थेत झाडांच्या पानांकडे बघत बसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन, बनियनवर, पडद्यावरचं भलंमोठं प्रवासी विमान उडवायचं. (माझी बायको माधवी याला नाद म्हणत नाही. ती जो शब्द वापरते तो छापण्याजोगा नाही.) या खेळात मुळात मिळणारी विमानं जरा बाळबोध असतात, म्हणून निरनिराळ्या कंपन्या अधिक खरी वाटणारी विमानं बनवून वेगळी विकतात. त्यांना ॲड-ऑन म्हणतात. ती विकत घ्यायची, बटण न् बटण दाबून बघायची आणि जाहिरातीत किती थापा मारल्यात ते इंटरनेटवर जाहीर करायचं, हे माझं खरं काम. संस्था फक्त पगार देते.

त्या जाहिराती एकदा वाचाच. त्यातलं विमान नेहमी सूर्यास्तालाच उडत असतं. 'खऱ्या वैमानिकांनी नावाजलेलं' असं ठळक लिहिलेलं असतं, पण त्या वैमानिकाचं नाव कुठेच नसतं. लग्नाचं स्थळ सांगणाऱ्या मावश्यासुद्धा मुलाबद्दल इतकं वाढवून सांगत नाहीत. अशाच एका परदेशी कंपनीने नवीन विमान काढलं आणि दावा केला की, याचा प्रत्येक भाग खऱ्यासारखा झिजतो आणि खऱ्यासारखा बिघडतो. मी म्हटलं, बघूच! बिघाडाचं प्रमाण ठरवायची एक खिटी असते, ती पार टोकाला सरकवली आणि रोज संध्याकाळी ते विमान निर्दयपणे हाकलं. साधा दिवासुद्धा गेला नाही. मग मी त्या कंपनीची अशी काही सालटी काढली की जगभरातल्या माझ्यासारख्याच बनियनवाल्यांनी मला शाबासकी दिली. त्या शाबासकीच्या धुंदीत ती खिटी मागे घ्यायची राहून गेली.

याच सुमारास सासूबाई अमरावतीहून इथले दशहरी आंबे खायला आमच्याकडे आल्या होत्या. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. आंबे संपत आले आणि पुण्याहून बातमी आली की माधवीच्या धाकट्या भावाला मुलगी झाली. बारसं ठरलं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या एकुलती एक, आमच्या घरात. रेल्वेचं वेटिंग इतकं लांब की त्या मुलीचं लग्नच गाठता आलं असतं. शेवटी लेकीसकट चौघांची विमानाची तिकिटं काढली. सासूबाई विमानात कधीच बसल्या नव्हत्या. "मले कशाची भीती?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण नंतर रोज एकेक शंका येऊ लागली. खिडकी उघडता येते का? ढगात समोरचं कसं दिसतं? उतरतानाच नेमकी पायलटला शिंक आली तर?

माझ्या डोक्यात कल्पना आली. घरात एवढं शंभर टक्के खरं विमान असताना (हे शब्द जाहिरातीतले, पण त्या क्षणी मीच वापरले) सासूबाईंची एक तालीम का घेऊ नये? माधवी म्हणाली, "नको." मी नेहमीप्रमाणे त्याचा अर्थ 'घ्या' असा घेतला.

रविवारी दुपारी पडदे ओढले. सासूबाईंना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवून पट्टा म्हणून माधवीची ओढणी बांधली. आमची लेक सई कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येतं. तिने हवाईसुंदरीचं काम पत्करलं आणि "मैम, वेलकम" म्हणत आजीला कैरीचं पन्हं दिलं. टेबलफॅन मोठा केला. मी सूचना दिल्या, इंजिनं सुरू केली आणि लखनौच्या धावपट्टीवरून आम्ही अलगद वर गेलो. सासूबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, तो हळूहळू सोडला. पन्ह्याचा घोट घेतला. "छान आहे की हो," म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं! पुण्याकडे वळण्याआधी त्यांना मलिहाबादच्या आमराया वरून दाखवाव्यात म्हणून मी विमान तिकडे नेलं.

आणि घंटा वाजली. लाल दिवा लागला. डाव्या इंजिनाला आग!

आता इथे एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? प्रवाशांना धीर दिला असता, इंधन बंद केलं असतं, आग विझवली असती. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. "लागली! शेवटी लागली आग!" असं मी ओरडलो, असं घरातले सगळे सांगतात. मला आठवत नाही, कारण मी तोपर्यंत विमान सोडून कॅमेरा बाहेर नेला होता आणि ज्वाळांचा रंग बरोबर आहे का ते जवळून बघत होतो. एका जाहिरातीने मला दिलेला शब्द जन्मात पहिल्यांदाच पाळला होता. मी फोटो काढले, वेगवेगळ्या बाजूंनी काढले. धूरसुद्धा काय सुंदर होता!

"पापा," सई मागून म्हणाली, "रिव्यू बाद में लिखिएगा, पहले आजी को उतारिए."

तोवर आजी उतरल्या होत्या. विमानासकट. पडद्यावर 'तुमचं उड्डाण संपलं' अशा अर्थाची पाटी आली. सासूबाईंनी ग्लासातलं उरलेलं पन्हं संपवलं, ओढणीची गाठ सोडली, तिची व्यवस्थित घडी केली आणि उठल्या.

"मी पुण्याले येत नाही," त्या म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

त्यानंतर घरात जे झालं त्याला वाद म्हणता येणार नाही, कारण वादात दोन्ही बाजू बोलतात. माधवीचं म्हणणं थोडक्यात असं: आई नाही तर मीही नाही, तिला इथे एकटी कोणाच्या भरवशावर ठेवू? आणि मी नाही तर भाचीच्या कानात नाव कोण सांगणार, तुमचं इंजिन? तिचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. मी संध्याकाळपर्यंत सासूबाईंना अपघात किती क्वचित होतात ते समजावत होतो, त्या मान हलवत होत्या आणि येत नाही म्हणत होत्या.

शेवटी माधवीने फर्मान काढलं. "त्या विमानात काय काय खोटं आहे ते रोज जगाला सांगता ना? आज माझ्या आईला सांगा."

सासूबाई त्याच खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या, तोंडी परीक्षा घ्यायला बसल्यासारख्या. आणि मी विमान पुन्हा वर नेऊन सुरू केलं. ज्या विमानाने माझं मन जिंकलं होतं त्याचीच मला निंदा करावी लागली. हे बघा आई, सगळे प्रवासी एकाच चेहऱ्याचे, चष्म्यासकट. हे संडासाचं दार, नुसतं रंगवलंय, उघडतच नाही. पाऊस पडतोय आणि काच मात्र कोरडी. आणि माझ्या फोटोतला हा धूर! माझ्या लाडक्या धुराविरुद्ध बोलणं जिवावर आलं होतं, पण तो वाऱ्याच्या उलट, विमानाच्या पुढे जात होता. "ते मी तवाच पाह्यलं," सासूबाई म्हणाल्या. मग खाली मलिहाबाद आलं आणि मी थक्कच झालो. आंब्याच्या बागांच्या जागी देवदार! मी वनस्पतिशास्त्राचा माणूस, माझा तोल गेला. दशहरीच्या मुलखात देवदार लावणाऱ्या त्या कंपनीला मी मनापासून शिव्या घातल्या.

सई म्हणाली, "पापा, पेड़ तो गेम के हैं, प्लेन के नहीं. उस बेचारी कंपनी को क्यों सुना रहे हैं?"

मी तिला गप्प केलं. हे सगळं ऐकून घेऊन सासूबाईंनी चष्मा पुसला.

"जावईबापू, विमान खोटं आहे हे मले माहीत आहे. बैठकीत कुठे विमान असते का? मी विमानाले घाबरलीच नाही."

"मग?"

"इंजिनाले आग लागली अन् चालवणारा टाळ्या वाजवते, मी त्याले घाबरली. खरे पायलटबी असेच असतात का?"

"नाही हो आई. ते शिकलेले असतात. परीक्षा देऊन आलेले असतात."

"अन् तुम्ही?"

"मी... नाही दिली."

"तिथं तुम्हाले हात लावू देतील?"

"त्यांच्या दारापाशी उभंसुद्धा राहू देत नाहीत."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरची सगळी काळजी उतरली. "हे आधी सांगायचं ना बाप्पा," म्हणाल्या. "काऊन एवढा वेळ झाडं दाखवत बसले?" आणि त्या बॅग भरायला आत गेल्या. मीही मोठा सुस्कारा टाकला, पण त्या पुन्हा दारात आल्या आणि सईला म्हणाल्या की जागा निवडताना एवढं बघ, बाबाला पुढे बसवू नको. जितकं मागे मिळेल तितकं मागे. सईने इतक्या तत्परतेने मोबाइल काढला की मला तिचं मराठी किती पक्कं आहे ते त्या दिवशी कळलं.

सासूबाई खिडकीपाशी बसून मजेत पुण्याला गेल्या. दोनदा चहा मागितला. बारसं थाटात झालं, माधवीने भाचीच्या कानात नाव सांगितलं आणि ती पोर झोपेतच हसली, असं तिथल्या सगळ्या बायकांचं म्हणणं पडलं. मी मात्र लखनौ ते पुणे अगदी शेवटच्या रांगेत, संडासाच्या भिंतीला डोकं टेकवून, पलीकडचा फ्लश ऐकत गेलो. विमानाची इतकी वर्षं चिकित्सा केल्यावर प्रत्यक्ष विमानात मला तपासायला मिळालेली ती एकमेव गोष्ट. घुगऱ्या वाटत होते तेव्हा कोपऱ्यात उभा राहून मी मोबाइलवर माझ्या परीक्षणात एक ओळ वाढवली: 'संडासाचं दार उघडत नसलं तरी आतल्या फ्लशचा आवाज या कंपनीने हुबेहूब साधला आहे. या विषयातला माझा अधिकार आता कोणी नाकारू नये.'