चेकर नाना आणि कबड्डीचे दिवस

चेकर नाना वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचत. पहिल्या पानावर असतं ते लोकांनी वाचावं म्हणून मुद्दाम छापलेलं, असं त्यांचं मत. एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला प्रवासी उरले नाहीत, म्हणून त्यांनी आमचं शहादा गावच तपासायला घेतलं. कुणी फार गोड बोललं की नाना दोन पावलं मागे सरत. गल्लीत त्यांना चहाला बोलवायचं तर आधी कारण सांगावं लागे.

अशात गावाला मुलींच्या राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धा मिळाल्या. चौकात कमानी उभ्या राहिल्या, दुभाजक रंगले, खड्डे एकाएकी बुजले. सगळे खूश होते. नाना मात्र अस्वस्थ झाले. "पाहुना येवाना पह्यले घर असं चमकाले लागनं, का समजानं, कायतरी झाकेल शे," असं म्हणून ते रोज सकाळी गाव बघायला निघू लागले. मी शेजारी राहतो, लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवतो. मला सकाळी चालायला डॉक्टरांनी सांगितलेलं, त्यामुळे सोबतीला मी.

ज्या गावात जन्म काढला ते गाव नाना परक्यासारखं बघत. ताज्या डांबराला चपलेच्या टोकानं उकरत. मैदानाशेजारी हिरवं कापड ताणलेलं दिसलं, तर त्यांनी ते उचललंच. मागे कचऱ्याचा जुना ढीग तसाच होता आणि त्यावर झोपलेलं कुत्रं आमच्यावर गुरगुरलं. नानांनी कापड पुन्हा नीट लावलं. त्यांचा राग ढिगावर नव्हता, कापडावर होता.

मुलींच्या संघांना उतरायला एक मंगल कार्यालय ठरलं होतं. तिथं नाना थेट मागच्या बाजूच्या न्हाणीघरांकडे गेले. बाहेर उघडणाऱ्या मागच्या दाराला आतून कडीच लागत नव्हती. त्यांनी व्यवस्था बघणाऱ्या तरुणाला दाखवलं. तो हसला, पोरी खेळायला येतायत, तुम्ही काळजी करू नका, काम होऊन जाईल, म्हणाला. चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. दार निळंशार रंगवलेलं होतं, कडी तशीच लोंबत होती.

"रंग लाया, कडी नही लाई," नाना म्हणाले.

पहिला संघ आला त्या दुपारी नाना त्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी पोचलो तोवर भलतंच घडलं होतं. संघाच्या प्रशिक्षक बाईंनी त्यांना हटकलं होतं. पन्नाशीच्या, आवाजात धार असलेल्या बाई. मुली उतरल्यात तिथं मागच्या दारापाशी हा म्हातारा कशाला घुटमळतोय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. पहारेकरी नानांचा दंड धरून उभा. आयुष्यभर दुसऱ्यांना 'दाखवा' म्हणणाऱ्या माणसाला आज खिसे चाचपून ओळखपत्र शोधावं लागत होतं. ते घरीच राहिलं होतं.

मी पुढे होऊन ओळख सांगू लागलो. नानांनी मला थांबवलं.

"बाई बरोबर शे," ते म्हणाले. "अनोळखी मानूसले इचारालेच पाहिजे."

मग त्यांनी बाईंना फक्त दार ओढून बघायला सांगितलं. बाईंनी ओढलं. दार सताड उघडलं; आत थेट न्हाणीघरं, बाहेर ओसाड प्लॉट. बाईंनी ती लोंबती कडी हलवून बघितली. मग त्यांनी नानांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या घरी बायामाणसं आहेत का?"

त्या संध्याकाळी नानी आणि गल्लीतल्या चार बाया कार्यालयात गेल्या आणि मुलींच्या सामानासकट परतल्या. अर्धा संघ नानांच्या माडीवर, अर्धा आमच्याकडे. त्याआधी बाईंनी दोन्ही घरांची दारं स्वतः तपासली. नाना त्यांच्यामागून कौतुकानं फिरत होते. नानींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी न् वांग्याचं भरीत केलं. मुली उपांत्य फेरीत हरल्या. निघताना त्यांच्या कप्तान मुलीनं नानांच्या पायाला हात लावला, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी नानांनी ड्रायव्हर रात्री नीट झोपला होता का ते विचारलं.

उन्हाळ्यात नानांचे डोळे अधू झाले आणि त्यांच्या लेकीनं नाना-नानींना सुरतेला नेलं. बसस्टँडवर मी विचारून टाकलं, नाना, तुमचा कुणावरच विश्वास कसा नाही? त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं.

"लोक वाईट नही शेतस," ते शांतपणे म्हणाले. "पन कोनी देखत नही, तवय आळशी व्हई जातस."

नाना सुरतेलाच वारले. मी अजून सकाळी चालतो. अर्ध्यात सोडलेल्या एखाद्या चरीपाशी उभा राहिलो की कामावरची माणसं एकमेकांकडे बघतात, आणि त्यातला एकजण विडी टाकून फावडं उचलतो.